मालकाचा मुखवटा

सहा वर्षांच्या लुइस वाल्डेझला शाळेच्या नाटकात माकडाची भूमिका मिळाली होती. खाऊ नेण्याची त्याची कागदी पिशवी बाईंनी मुखवट्यांच्या लगद्यासाठी वापरली, तेव्हा तो हरखून गेला होता. पण प्रयोगाआधीच मजूरवस्तीतली जागा सोडून कुटुंबाला निघावे लागले. त्या हुकलेल्या प्रयोगाची पोकळी आपण जन्मभर भरत आलो, असे हे अमेरिकन नाटककार-दिग्दर्शक सांगत आले आहेत.

त्यांचा जन्म १९४० सालचा, कॅलिफोर्नियातील डेलानोचा. आईवडील मेक्सिकन वंशाचे शेतमजूर. पीक जिथे काढणीला येईल तिथे बिऱ्हाड. कॉलेजनंतर वाल्डेझ यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका नाट्यसंस्थेबरोबर बागांमध्ये प्रयोग केले. १९६५ साली डेलानोच्या द्राक्षमळ्यांत संप पेटला, तसे ते गावी परतून मजूरनेते सेझार चावेझ यांना भेटले. संघटनेकडे ना पैसा होता, ना नट, ना रंगमंच. वाल्डेझ यांनी संपकऱ्यांनाच नट केले आणि ट्रकच्या हौद्याचा रंगमंच केला. मालक कोण, संपकरी कोण, संपफोड्या कोण, हे गळ्यातली पाटी सांगे. यातून 'एल तेआत्रो काम्पेसिनो', म्हणजे शेतमजुरांची रंगभूमी, उभी राहिली.

त्याच वर्षीच्या एका नाटुकल्यात डुकराचा मुखवटा घातलेल्या मालकाला मजुराच्या निश्चिंत आयुष्याचा हेवा वाटतो. तो जागांची अदलाबदल सुचवतो. मुखवटा, हॅट, सिगार मजुराकडे जातात. मग मालकाचा पहारेकरी मालकालाच ओढून नेतो आणि तो मदतीसाठी चक्क चावेझ यांच्या नावाने ओरडतो! मालकी रक्तात नसते, ती अंगावर चढवलेली असते, हे हसता हसता दाखवणारा हा खेळ. एवढे उमगले की निम्मा धाक तिथेच ओसरतो.

पुढे १९७८ साली लॉस एंजेलिसमध्ये 'झूट सूट' आले. १९४२ च्या एका खून खटल्यात मेक्सिकन वंशाच्या तरुणांना झालेली अन्याय्य शिक्षा हा त्याचा विषय. तिथे ते तुफान चालले. १९७९ मध्ये ब्रॉडवेवर मात्र काही आठवड्यांतच उतरले. तरीही मेक्सिकन-अमेरिकन नाटककाराचे ब्रॉडवेवर पोहोचलेले ते पहिले नाटक. 'ला बाम्बा' (१९८७) या चित्रपटाने त्यांचे नाव घरोघरी नेले. २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या हस्ते त्यांना राष्ट्रीय कला पदकही मिळाले.

वाल्डेझ यांची संस्था मात्र १९७१ पासून सान हुआन बाउतिस्ता या शेतीच्या मुलखातल्या लहानशा गावीच आहे. ज्यांना प्रयोगाआधीच गाव सोडावे लागते, त्यांच्यासाठी सुरू झालेल्या रंगभूमीने एक गाव धरून ठेवले, हे त्या पदकाहून लहान नाही.