सावित्रीच्या पात्रांतील मगर

‘सफारी’ हा शब्द पूर्व आफ्रिकेंतील स्वाहिली भाषेचा. त्याचा अर्थ प्रवास. मूळ अरबी, मराठींत रुळलेली ‘सफर’ ही त्याचीच बहीण. केन्यांतील मारा नदी ओलांडणाऱ्या नू हरणांवर टपलेली मगर पाहण्यासाठीं लोक समुद्र ओलांडून जातात. बिरवाडीच्या रहिवाशाला मात्र त्याच कुळांतील प्राणी पाहण्यास महाडपर्यंत गेलें तरी पुरे. त्याच्या गांवावरून वाहणारी काळ नदी खालीं सावित्रीला मिळते आणि सावित्रीच्या पात्रांत मगरींची वस्ती आहे.

तरीहि पुष्कळांस ती दिसत नाहीं, कारण नजर जबडा पसरलेली चित्रांतील मगर शोधीत असते. पाण्यांतल्या मगरीचे नाकपुड्या, डोळे व कान एकाच पातळींत असतात. तेवढे वर ठेवून बाकीचा देह ती पाण्याखालीं दडविते. दुरून दिसतो तो ओंडकाच. पण ओंडका प्रवाहाबरोबर जातो. जो जागा सोडीत नाहीं किंवा प्रवाहाला आडवा सरकतो, त्याकडे पुन्हां पाहावें.

उत्तम काळ हिंवाळ्यांतील सकाळ. मगरीला स्वतःच्या देहांत पुरेशी ऊब निर्माण करतां येत नाहीं. ती तिला उन्हाकडून घ्यावी लागते. ऊन अधिक झालें कीं ती जबडा उघडून स्वस्थ पडते. तो राग नव्हे, उष्णता बाहेर टाकण्याचा उपाय होय. शिवाय सावित्रींत भरतीचें पाणी बाणकोटहून महाडकडे चढत येतें, म्हणून चिखलाचे कांठ उघडे पडण्यास ओहोटी हवी. येथें तिथीवरून भरती-ओहोटी काढण्याची कोंकणांतील रीत कामास येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास किनाऱ्यावर पहाटे ओहोटी असते, नदींत आंत ती कांहींशी उशिरां, म्हणजे नेमकी कोवळ्या उन्हाच्या वेळीं पोंचते. मगर दिसली नाहीं तरी ओल्या चिखलांत पायांच्या ठशांमधून गेलेली शेपटीची रेघ पुष्कळ सांगून जाते. रात्रीं विजेरीच्या झोतांत तिचे डोळे निखाऱ्यासारखे लकाकतात. मात्र हा प्रयोग उंचावरूनच करावा.

पावसाळ्यांत हा नाद सोडलेलाच बरा. पुरांत मगरी नेहमींची जागा सोडून वस्तीजवळ येतात आणि गढूळ पाण्यांत कांहींच ओळखूं येत नाहीं. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्रीं महाडजवळचा जुना पूल वाहून गेला, तेव्हां शोध घेणाऱ्यांना पुराइतकीच मगरींचीहि धास्ती होती.

उन्हाळ्यांतील गोष्ट निराळी. मादी कांठावर खळगा खणून त्यांत पंचवीस-तीस अंडीं घालते आणि सुमारें दोन महिने आसपास राहते. धुणें धुणाऱ्या बाया व जाळें टाकणारे कोळी यांना जपावें लागतें तें विशेषतः या दिवसांत. कांठ कोठें खणावा, वाळू कोठून उचलूं नये, हेंहि याच खळग्यांवरून ठरावयास हवें. 1972 च्या कायद्यानें मगरीला संरक्षण दिलें, पण उकरलेलें घरटें कायद्यानें परत भरत नाहीं.

पिलांचा आवाज येतांच मादी खळगा उकरते, त्यांना तोंडांत धरते आणि पाण्यांत नेऊन सोडते. दुरून पाहणाऱ्यास वाटतें, आई आपलींच लेंकरें गिळीत आहे.