मेघाची बुद्धि

परग्रहावरील जीव म्हटला कीं दोन डोळे, दोन हात आणि आपल्यासारखाच लोभ असलेली आकृति मनापुढें उभी राहते. ही कल्पनेची दरिद्रता होय. ती मोडून काढणाऱ्या एका ग्रंथाचा परिचय आम्ही वाचकांस करून देत आहों.

केंब्रिजचे ज्योतिर्विद फ्रेड हॉईल यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी १९५७ सालीं प्रसिद्ध झाली. तींतील जीव म्हणजे सूर्याभोवतीं येऊन थांबलेला अफाट वायुमेघ! त्यास तोंड नाहीं, हातपाय नाहींत. त्याचे विचार रेडिओलहरींनीं वाहतात. शास्त्रज्ञ त्याच्याशीं संभाषण जुळवितात, तेव्हां ग्रहाच्या पाठीवरही बुद्धि उपजते याचेंच त्यास नवल वाटतें. पुढें किंग्जली हा विद्वान् मेघाचें ज्ञान ग्रहण करूं जातो व प्राणास मुकतो. त्याच्या जुन्या ज्ञानानें नव्यास वाट दिली नाहीं. साधा माळी कदाचित् तरला असता, असें कथेंतच सुचविलें आहे.

हॉईलांचे शिष्य, कोल्हापुरांत जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखालीं २००५ सालीं हैदराबादेहून बलून सोडण्यांत आलें. उंच हवेंत सांपडलेल्या एका नव्या जंतूस हॉईलांचें नांव मिळालें. पण तो परलोकींचाच, असें शास्त्रज्ञांनीं ठामपणें म्हटलें नाहीं. हा संयमच खरी विद्या.

सिहोऱ्याच्या धानाच्या बांध्यांत उभा राहून तारे पाहणारा शेतकरी आणि ग्रंथांनीं भरलेलीं आमचीं घरें, यांत अपरिचितास सामोरें जाण्यास अधिक सिद्ध कोण? वडीलधाऱ्यांनीं हा प्रश्न मुलांसमवेत अवश्य विचारांत घ्यावा. आणि मुलांचें उत्तर आधीं ऐकावें.