नाताळची पंगत

लूक या शुभवर्तमानकाराने येशूच्या जन्माची हकीकत एका सरकारी हुकुमापासून सुरू केली आहे. रोमचा बादशहा औगुस्त याने आपल्या अंमलाखालील सर्व मुलखाची नावनिशी करण्याचे फर्मान काढले, प्रत्येकाने आपापल्या मूळ गावी जाऊन दप्तरी नाव दाखल करावे असे ठरले, आणि त्या फर्मानापुढे इलाज नसल्यामुळे नासरेथचा एक सुतार दिवस भरत आलेल्या आपल्या वाग्दत्त वधूला सोबत घेऊन बेथलेहेम या पूर्वजांच्या गावाकडे निघाला. गाव पूर्वजांचे खरे, पण उतारशाळेत त्या दोघांना जागा मिळाली नाही. मूल जन्मले तेव्हा त्याला बाळंत्यात गुंडाळून गुरांच्या गव्हाणीत निजवावे लागले. आणि या जन्माची पहिली वर्दी गेली ती राजवाड्यात किंवा मंदिरात नव्हे, तर रानात रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांकडे.

चार शुभवर्तमानांपैकी मत्तय आणि लूक या दोहोंतच ही जन्मकथा आहे, आणि त्या दोघांनीही दिवस वा महिना सांगितलेला नाही. २५ डिसेंबर हा दिवस रोममध्ये चौथ्या शतकात मानला जात होता, याचा जुना लेखी दाखला इ. स. ३५४ मधील एका पंचांगवजा संग्रहात मिळतो. गोठ्याचा देखावा मांडण्याच्या प्रथेला असीसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये ग्रेच्चो या इटलीतील गावी चालना दिली, सजविलेले झाड जर्मन घरांतून जगभर गेले, आणि आकाशकंदील तर आपण आपल्याच दिवाळीतून उचलून त्याला चांदणीचा आकार दिला. ही सारी आभूषणे कालांतराने चढली. ती उतरवून ठेवली तर मूळ कथेत उरते ते एक कुटुंब, ज्याला ऐन गरजेच्या वेळी कोणी घरात घेतले नाही. नाताळ हा कुटुंबाचा सण आहे असे आपण सहज म्हणतो, आणि ते खरेही आहे. परंतु ज्या कुटुंबाच्या नावाने तो साजरा होतो ते दाराबाहेर राहिलेले कुटुंब होते, हे विसरून तो साजरा करता येत नाही, अशी माझी धारणा आहे.

महाराष्ट्राच्या भाषेत ही कथा प्रथम पुराणाच्या रूपाने नांदू लागली. १५७९ मध्ये गोव्यास आलेले इंग्रज जेज्विट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी साष्टी प्रांतात दीर्घ काळ वास्तव्य करून, तेथील नवख्रिस्ती लोकांची पुराणश्रवणाची तहान ओळखून, दहा हजारांहून अधिक ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. वसईच्या किनारपट्टीतही पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती वस्ती वाढली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई सर केल्यानंतरही ती आपली बोली, आपली लुगडी आणि आपली उपासना सांभाळून तेथेच राहिली. देशावरची गोष्ट निराळी. १८१३ मध्ये मुंबईस उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी १८३१ मध्ये अहमदनगरास ठाणे केले, १८४२ मध्ये त्याच शहरातून ‘ज्ञानोदय’ निघू लागला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी टाळमृदंगाच्या साथीने ख्रिस्ती कीर्तन उभे केले. पुढे नारायण वामन टिळकांची भजने आली आणि नगरच्या मंडळीला आपली प्रार्थना आपल्याच गळ्यातून निघाल्याचा अनुभव आला.

माझे बालपण त्या नगरात गेले. माझे पणजोबा गावकुसाबाहेरच्या घरातले. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावाने काही नवे गमावले नाही, कारण गावाने त्यांना जवळ कधी केलेच नव्हते. पण भावकी मात्र तुटली. सख्ख्या भावांनी लग्नाकार्याचे बोलावणे बंद केले, आणि त्या भावांच्या मुलांची आमच्या आजोबांशी ओळखही राहिली नाही. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर झाले. घरात पैसा बेताचा, पण डिसेंबर लागला की त्या घराला जो उत्साह येई त्याची बरोबरी करणारे वैभव मी नंतर कोठेही पाहिलेले नाही. आगमनकाळाच्या रविवारांपासून भिंतींना चुना लागे, बांबूच्या कामट्या तासून चांदणीचा सांगाडा बांधला जाई, त्यावर पतंगाचा कागद खळीने चिकटविण्याचे काम आम्हा मुलांकडे असे. आणि स्वयंपाकघरात करंज्या, शंकरपाळे, चकल्या आणि बुंदीचे लाडू यांचे डबे भरत. रात्री तरुण मंडळींची नाताळ फेरी निघे. पेट्रोमॅक्सच्या उजेडात ढोलकी, टाळ आणि पेटी घेऊन ही फेरी घरोघर जाई, गीत गाई, पाळकसाहेब प्रार्थना करीत, घरधनी चहा देई, आणि थंडीने काकडलेले गाणारे पुढच्या घराकडे वळत.

नाताळच्या आदल्या सायंकाळी आजोबा सर्वांना चटईवर बसवून लूकच्या दुसऱ्या अध्यायाचे वाचन करीत, त्यानंतर प्रत्येक मुलाने पाठ केलेले एक वचन म्हणावयाचे असे, आणि शेवटी आजोबा प्रार्थना करीत. ती प्रार्थना लांब असे, कारण तीत नावे असत. दूर नोकरीस गेलेला मुलगा, बाळंतपणासाठी आलेली भाची, आजारी शेजारी, शाळेतली अनाथ मुले, अशी एकेक नावे येत. आणि त्या नावांच्या अखेरीस, स्वर किंचितही न बदलता, ज्या भावकीने आम्हाला टाकले होते तिच्यातील प्रत्येक घराचे नाव ते घेत. त्या माणसांना आम्ही कधी पाहिले नव्हते. त्यांच्याबद्दल तक्रारीचा शब्द मी आजोबांच्या तोंडून ऐकला नाही. ते केवळ त्यांच्या लेकरांबाळांचे कुशल मागत. लहानपणी ही नावे कंटाळवाणी वाटत, आता मला वाटते की आमच्या घरातील धर्मशिक्षणाचा गाभा तीच नावे होती. ज्यांनी आपल्याला आपले मानले नाही त्यांना देवासमोर आपले म्हणून उभे करणे, यापेक्षा अवघड असे त्या आयुष्यभर शिकविणाऱ्या मास्तरांनी आम्हाला काही शिकविले नाही.

आजीची रीत वेगळी होती, पण अर्थ तोच. २५ तारखेची उपासना आटोपून चर्चमधून परतल्यावर, परस्परांना सलाम करून झाल्यावर, ती फराळाची ताटे लावी आणि क्रोशाच्या रुमालाने झाकून आमच्या हाती शेजारी पाठवी. काही घरे ही ताटे आनंदाने घेत आणि दिवाळीत आपलीही पाठवीत. परंतु काही घरांना आमच्या हातचे शिजवलेले चालत नसे, हे आजीला ठाऊक होते. त्या घरांसाठी ती नारळ, साखर, खारीक आणि केळी असा कोरडा जिन्नस वेगळ्या परातीत ठेवी आणि तो त्यांच्या उंबऱ्याशी पोहोचता करी. आईला हे पसंत नव्हते. जे आपले अन्न नाकारतात त्यांच्या दारी आपण का जावे, असा तिचा रोखठोक प्रश्न असे, आणि तो स्वाभिमानाचा असल्यामुळे योग्यच होता. आजी इतकेच म्हणे, “बाई, आज आपल्या घरी जन्म झालाय. वाटायचं नाही तर ठेवायचं कुठं?” पुढे कित्येक वर्षांनी त्यांपैकीच एका घरच्या सुनेने आमच्या आईला आपणहून विचारले की, यंदा नारळाऐवजी तुमच्या करंज्या द्याल का? आई त्या वर्षी ताट घेऊन स्वतः गेली. आजी तोपर्यंत हयात नव्हती.

अन्नाच्या या प्रश्नाचे महत्त्व मला पूर्णपणे उमगले ते लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा ती बातमी लक्ष्मीबाईंच्या संसारावर कुऱ्हाडीसारखी पडली. पतिपत्नी दुरावली, मुलासह लक्ष्मीबाई नातलगांच्या आश्रयास राहिल्या, आणि काही वर्षांनी पतीजवळ परत आल्यावरही त्यांनी आपले सोवळे आणि आपली चूल वेगळी राखली. टिळकांनी त्यांच्यावर बळजबरी केली नाही. वादविवादाने लक्ष्मीबाईंचे मन पालटले असेही नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या स्वतःच्या मनात उभा राहिला, तो माणसानेच केला असे उत्तर त्यांना स्वतःच सापडले, आणि मग कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास त्या मोकळ्या झाल्या. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे या विलक्षण स्त्रीच्या बाबतीत पंगत आधी विस्तारली आणि पंथ नंतर बदलला. टिळक १९१९ मध्ये निवर्तले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे होते; ज्या धर्मांतराने संसार उधळला म्हणून कधी काळी त्या रडल्या, त्याच श्रद्धेचे काव्य शालेय शिक्षण न लाभलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे अध्याय रचून पूर्ण केले. कुटुंब आणि श्रद्धा यांच्या नात्याविषयी मराठीत याहून मोठा दृष्टान्त मला ठाऊक नाही.

पहिल्या पिढीच्या श्रद्धेला अशी किंमत पडली. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर स्वदेशातील कित्येक चाहत्यांचा रोष पत्करला, आणि तरीही दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना व स्त्रियांना केडगावच्या मुक्तिसदनात घर दिले. बाबा पदमनजी यांनी आपल्या अंतःकरणातील उलाढाल ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात सविस्तर नोंदविली. आम्ही तिसऱ्या-चौथ्या पिढीचे लोक मात्र चर्चच्या बाकावरच मोठे झालो; आम्हाला कोणी टाकले नाही आणि आम्हाला काही सोडावे लागले नाही. श्रद्धा आमच्याकडे वतनासारखी चालत आली, आणि वतनाचा दोष हाच की बसल्या जागी हक्क सांगता येतो, चाकरी मात्र विसरली जाते. नाताळच्या सकाळी नवे कपडे घालून, तोंडपाठ झालेली गीते गाताना, या श्रद्धेत माझे स्वतःचे असे काय आहे, हा प्रश्न मला तरुणपणी वारंवार पडे. धर्मग्रंथांच्या अभ्यासाने त्याचे काही प्रमाणात समाधान झाले. अधिक समाधान झाले ते आजोबांची नावे आणि आजीची परात यांचा अर्थ लागला तेव्हा. वारशाने आलेली श्रद्धा स्वतःची होते ती तिच्यापायी एखादे दार आपल्या हाताने उघडावे लागते त्या वेळी. त्यापूर्वी ती वडिलांची असते.

असे दार उघडण्याचे प्रसंग संपलेले नाहीत. मंडळीतच आपण कोणत्या पूर्वाश्रमीच्या जातीचे, याची कुजबुज लग्ने जुळविताना अजून होते. ज्या धर्मात एकाच भाकरीचा तुकडा आणि एकाच द्राक्षरसाचा प्याला सर्वांनी घ्यावयाचा, त्याच्या अनुयायांत अशी कुजबुज चालावी हे दुःख लहान नाही. घरे आता विखुरली आहेत, मुले पुण्यामुंबईस आणि परदेशी आहेत, आणि कित्येक घरांत सून वा जावई अन्य धर्माचा आहे. आमच्याही घरी आहे. पहिल्या नाताळात आमच्या सुनेने देव्हाऱ्यातली आपली लहानशी मूर्ती सोबत आणली होती आणि ती कोठे ठेवावी या संकोचात ती होती. तिच्या खोलीतील पूर्वेकडचा कोनाडा मोकळा करून दिला गेला. आमच्या मंडळीतील काहींना ते रुचले नाही, हेही मी जाणतो, आणि त्यांच्या निष्ठेचा अनादर करण्याची माझी इच्छा नाही. परंतु ज्या घरच्या पूर्वजांना श्रद्धेपायी भावकीने टाकले, त्या घराने श्रद्धेच्याच नावाने कोणाला अवघडून ठेवावे, हे मला ख्रिस्ती आचरण वाटत नाही. ती आमच्याबरोबर उपासनेला येते, आम्ही तिच्याबरोबर गणपतीच्या आरतीला उभे राहतो, आणि माझा ख्रिस्तावरील विश्वास त्यामुळे उणावला नाही.

म्हणून नाताळच्या तयारीत कंदील आणि फराळ यांच्या जोडीला आणखी एक काम प्रत्येक घराने धरावे, असे मला मनापासून वाटते. ज्या भावाशी जमिनीच्या वादावरून अबोला आहे, ज्या मुलीने मनाविरुद्ध लग्न केले म्हणून तिचे नाव घरात घेतले जात नाही, ज्या शेजाऱ्याकडे आपण कधी पाणी प्यायलो नाही, त्यांपैकी एकाला त्या दिवशी आपल्या पंगतीस बोलवावे. तो येईलच असे नाही. आजीच्या कोरड्या जिन्नसाला फळ यायला एक पिढी जावी लागली. एका नाताळने घर बदलत नाही. पण ज्या घरात हे दर वर्षी घडते तेथील मुलांना श्रद्धेची व्याख्या शिकवावी लागत नाही. ती त्यांच्या डोळ्यांदेखत आचरली जाते, आणि मोठेपणी ती पत्करावी की नाही हे ठरविताना त्यांच्या हाती निदान खरा पुरावा असतो.