पत्त्यांचा डाव आणि नवखा भिडू

पत्ते म्हटले की आपल्या वस्तीत अजूनही कपाळाला आठी पडते, आणि ती उगाच पडत नाही. पगाराचे पाकीट घरी पोहोचण्याआधीच डावावर रिकामे झालेले आम्ही लहानपणी पाहिले आहे. तथागतांनी सिगालोवाद सुत्तात जुगाराचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत. म्हणून आमच्या घरी पहिला नियम असा की, डावावर पैसा नाही, गंमत म्हणून रुपयासुद्धा नाही. गुण मोजायला चिंचोके पुरतात.

हा नियम पाळूनही आमचा पहिला बेत फसला. मे महिन्यात पाहुणे जमले आणि आम्ही थेट मेंढीकोट मांडला. थोरले बंधू त्यात मुरलेले, तर धाकटी भावजय पत्ते प्रथमच हातात धरणारी. शिवाय भासऱ्यांसमोर सतरंजीवर बसायची तिची ती पहिलीच खेप. तिने भिडूच्याच हातावर हुकूम घातला. "अगं, आपलाच हात कापलास!" असे बंधू सर्वांसमक्ष ओरडले. ती चहा टाकते म्हणून उठली, ती रात्रभर परत बसली नाही. चूक तिची नव्हती. यजमान म्हणून आमची होती.

पुढच्या खेपेला आम्ही सुरुवात बदाम सातने केली. बदामाची सत्ती खाली पडली की तिच्या एका बाजूला छक्की, दुसऱ्या बाजूला अठ्ठी, अशी पाने लावत जायचे. पान लागत नसेल तर पास. नवख्याला चार रंग आणि पानांचा क्रम आपोआप समजतो. जाणत्यालाही सत्ती दाबून इतरांना अडवण्याची मजा मिळते. आमची आई शिकलेली नाही. ती ठिपके मोजून पान ओळखते, राजा-राणी चित्रावरून. बदामाच्या राजाला मिशी नाही, हे तिने दाखवेपर्यंत आमच्यासारख्या बी. कॉम. झालेल्याच्याही ध्यानात आले नव्हते!

मेंढीकोट त्यानंतर. चौघांना तेरा-तेरा पाने, समोरासमोरचे दोघे भिडू. दश्शी म्हणजे मेंढी. ज्या जोडीकडे जास्त मेंढ्या तिचा डाव, दोन-दोन झाल्या तर सात हात करणारी जोडी जिंकली, आणि चारही एकीकडे गेल्या तर कोट. इतके तोंडी सांगून डोक्यात शिरत नाही. त्यासाठी पहिला डाव सर्वांनी पाने उघडी मांडून खेळावा. हुकूम कधी घालायचा आणि कधी राखायचा, ते डोळ्यांना दिसते. जाणत्यासमोर नवखा भिडू द्यावा. दोन्ही मुरलेले एकत्र बसवले तर खेळ उरत नाही. डाव चालू असताना कोणी बोलायचे नाही. काय सांगायचे ते पाने पिसताना सांगावे, तेही हळू आवाजात.

मुरलेल्या मंडळींना हा संथ खेळ कंटाळवाणा वाटतो, त्यात त्यांचेही चुकत नाही. मुले झोपल्यावरचा शेवटचा तास आम्ही त्यांना देतो. साडेदहाला मात्र पाने डबीत. सकाळची गाडी कोणासाठी थांबत नाही.

गेल्या रविवारी भावजयीने इस्पिकची सत्ती चार फेऱ्या दाबून धरली. थोरल्या बंधूंच्या हातात इस्पिकचे राजा-राणी अडकून राहिले. "दादा, पास ना?" तिने विचारले. त्या रात्री चहा बंधूंनी टाकला.