डोळ्यांत जीव आणणारा ठिपका: ड्रामॅटिक पोर्ट्रेटमध्ये कॅचलाईट कसा मिळवायचा?

एका बाजूने उजेड, दुसरी बाजू काळोखात. असा पोर्ट्रेट आपल्या फोनवरही छान येतो, पण बऱ्याचदा डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात. कमी असते ती बुबुळावरच्या एका छोट्या पांढऱ्या ठिपक्याची. त्यालाच कॅचलाईट म्हणतात.

ही चमक येते कुठून?

डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. तो फुगीर आणि ओला असतो, त्यामुळे छोट्या बहिर्वक्र आरशासारखा वागतो. पण हा आरसा कमजोर आहे. त्यावर पडलेल्या उजेडापैकी जेमतेम २ ते ३ टक्केच परत फिरतो. म्हणून दार, खिडकी, दिवा अशा तेजस्वी गोष्टीच त्यात दिसतात. खिडकीचा चौकोन उमटतो, रिंग लाईटचं कडं उमटतं. दिवा थेट डोक्यावर असेल, तर भुवई आणि पापणी त्याला अडवतात आणि चमक जाते.

रेम्ब्राँ आणि चाळीसगाव

अंधाऱ्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण पडला, की त्या प्रकाशयोजनेला रेम्ब्राँ लायटिंग म्हणतात. हे नाव १७व्या शतकातल्या डच चित्रकारावरून आलं. आपल्या जळगाव जिल्ह्यातले छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांनी तर चाळीसगावच्या आपल्या बंगल्याला 'रेम्ब्राँज रिट्रीट' असंच नाव दिलं होतं. कित्येक दशकं ते घराबाहेर क्वचितच पडले आणि तिथेच काम करत राहिले. थोडक्यात, मोठ्या शहरातला स्टुडिओ नसला तरी चालतं, उजेडाची दिशा कळायला हवी.

घरी असं करून बघा

आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात रथ निघतो, घरोघरी पाहुणे येतात. आजी-आजोबांचा फोटो काढायला हा दिवस मस्त, कारण पावसाळी ढगांमुळे दारातून येणारा उजेड मऊ असतो.

१. खोलीतले दिवे बंद करा, एकच दार किंवा खिडकी उघडी ठेवा.
२. आजीला दारापासून तीन-चार फुटांवर, थोडं तिरकं बसवा. गालावर त्रिकोण दिसेपर्यंत चेहरा हळूहळू दाराकडे वळवायला सांगा.
३. आता फोटो न काढता फक्त डोळे बघा. ठिपका घड्याळातल्या १० किंवा २ च्या जागी दिसला, की जागा बरोबर. दोन्ही डोळ्यांत तो एकाच बाजूला हवा.
४. अंधाऱ्या बाजूचा डोळा मेलेला वाटतोय? त्या बाजूला, पण थोडं समोर, पांढरा कार्डशीट किंवा थर्माकोल धरा.
५. स्क्रीनवर डोळ्यावर टॅप करून फोकस लॉक करा आणि एक्स्पोजर थोडं कमी करा. फ्लॅश नको. तो बुबुळाच्या मधोमध ठिपका टाकतो आणि सावल्याही पुसतो.

एडिटिंगमध्ये किती?

फोटोत अंधुक चमक असेल, तर स्नॅपसीडसारख्या ॲपमध्ये झूम करून डॉज अँड बर्नने तेवढाच ठिपका हलकेच उजळा. डोळ्याचा पांढरा भाग उजळू नका, चेहरा भुतासारखा दिसतो.

चमक अजिबातच नसेल, तर नवा ठिपका रंगवताना जपून. उजेड डावीकडून आणि ठिपका उजवीकडे असेल, तर बघणाऱ्याला काहीतरी खटकतं. २००७ मध्ये मायका जॉन्सन आणि हॅनी फरीद या संशोधकांनी डोळ्यांतल्या याच चमकेवरून उजेडाची दिशा काढून, जोडलेले बनावट फोटो ओळखण्याची पद्धत मांडली होती. म्हणजे हा ठिपका त्या खोलीतल्या उजेडाचा पुरावाच असतो.

आजीचा असा एखादाच फोटो पुढे फ्रेम होऊन भिंतीवर लागतो. त्यात तिच्या डोळ्यांत तिच्याच घराचं दार दिसावं, ॲपमधला स्टिकर नको. त्यासाठी दोन मिनिटं जास्त लागली तरी चालतील.