भरती शिपाई म्हणून, पुढे मात्र किती दारं!

१४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली आणि सैन्यातल्या जवानांची भरती चार वर्षांवर आली. आमच्या ठाण्याच्या वर्तकनगरात, पोलीस लाइनीत आणि म्हाडाच्या इमारतींत भरतीची स्वप्नं बघणारी पोरं कमी नाहीत. त्यांच्यासाठी त्या घोषणेत एक छोटासा अपवाद होता, पण तो फार थोड्यांच्या लक्षात आला. वैद्यकीय शाखेचे तांत्रिक जवान योजनेतून वगळले होते. त्यांची भरती पूर्वीसारखीच नियमित सेवेसाठी चालू राहिली. सगळ्या फौजेत यांनाच ही सूट का?

उत्तर त्यांच्या कामात सापडतं. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी घेतलेला मुलगा आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट म्हणून भरती होतो. युनिटच्या एमआय रूममध्ये, म्हणजे तपासणी खोलीत, तो ताप बघतो, जखमा बांधतो, इंजेक्शन देतो. लढाईत रक्तस्राव थांबवणं, मोडलेला पाय फळीला बांधणं, सलाइन लावणं आणि जखमीला जिवंत मागे पोहोचवणं हे सगळं त्याच्याकडे. ज्या चौकीवर डॉक्टर नाही, तिथल्या जवानांसाठी तोच ‘डॉक्टर साब’. असा हात चार वर्षांत तयार व्हावा आणि लगेच घरी पाठवावा, हे कुणाला परवडेल?

आणि हे हात कुठवर पोहोचलेत, ठाऊक आहे? मार्च १९५१ मध्ये कोरियातल्या मुन्सान-नी इथं अमेरिकी छत्रीधारी सैनिकांबरोबर भारताच्या ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्सच्या तुकडीनंही विमानातून उड्या घेतल्या. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज तिचे प्रमुख होते. उडी मारायची, उतरायचं आणि लगेच जखमींवर उपचार सुरू करायचे!

आता या जवानाच्या हातात पुस्तक द्या. सुट्टीत, रात्रपाळीनंतर, इग्नूतून किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून तो बीए होतो, एमए होतो, कुणी रुग्णालय व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवीही घेतो. बाहीवर फीत मात्र नायकाची नाहीतर हवालदाराचीच. पदवी एका मापानं मोजली जाते आणि हुद्दा दुसऱ्याच. हे आजचं नाही. १९४३ पूर्वी सब-असिस्टंट सर्जन वैद्यकीचं रीतसर शिक्षण घेऊन यायचे, पण इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांच्या रांगेत त्यांना जागा नव्हती. ३ एप्रिल १९४३ ला वेगवेगळी खाती एकत्र करून आजच्या मेडिकल कोअरचा पाया घातला गेला, तेव्हा कुठे ती भिंत खचायला लागली.

आज त्या भिंतीत दारं आहेत, आणि एकेक दार बघण्यासारखं आहे. पहिलं आर्मी कॅडेट कॉलेजचं. १९६० मध्ये सुरू झालेलं हे कॉलेज काही वर्षं आपल्या पुण्यातच होतं, आता ते डेहराडूनच्या मिलिटरी अकादमीत आहे. वीस ते सत्तावीस वयाचा जवान लेखी परीक्षा आणि एसएसबीची, म्हणजे सेवा निवड मंडळाची, मुलाखत पार करून आत जातो. काल ज्यांना सलाम ठोकत होता त्यांच्याच रांगेत तो लेफ्टनंट होऊन बसतो, हातात जेएनयूची पदवी घेऊन! वय पुढे गेलं असेल तर स्पेशल लिस्ट नावाचं कायम कमिशनचं दुसरं दार आहे.

मला सगळ्यात भावतं ते तिसरं दार, कारण बाहेरच्या जगाला ते दिसतच नाही. मेडिकल कोअर म्हटलं की आपल्याला डॉक्टर अधिकारी आठवतात. पण तिथे डॉक्टर नसलेले अधिकारीही असतात, त्यांना एएमसी (नॉन-टेक्निकल) म्हणतात. हे कमिशन कोअरच्या स्वतःच्या हवालदार-सुभेदारांमधूनच भरलं जातं. विचार करा, सर्जन ऑपरेशन करील, पण डोंगरावरच्या त्या तंबूत ऑक्सिजनचं सिलिंडर, औषधं, गाड्या आणि माणसं वेळेवर आणायची कुणी? ज्यानं स्वतः स्ट्रेचर उचललंय त्याच्याइतकं हे कुणाला कळणार? व्यवस्थापनाची पदवी इथं खरी कामाला येते.

समजा, सतरा वर्षं झाली आणि तो निवृत्त होऊन ठाण्याला परतला. वय छत्तीस. सरकारी नोकरीची वयोमर्यादा केव्हाच उलटली, असंच तुम्ही म्हणाल ना? इथं नियमच चकित करतो. केंद्र सरकारच्या भरतीत माजी सैनिकाच्या वयातून सेवेची सगळी वर्षं वजा होतात आणि वर तीन वर्षांची सूट मिळते. कागदावर तो पुन्हा एकोणीस वर्षांचा! दहावी झालेल्या आणि पंधरा वर्षं सेवा केलेल्या जवानाला पदवी मागणाऱ्या गट क पदांसाठीही पात्र धरता येतं. महाराष्ट्रात गट क आणि गट ड मध्ये माजी सैनिकांसाठी १५ टक्के जागा राखीव असतात.

माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, म्हणजे ईसीएचएसच्या, पॉलिक्लिनिकच्या जाहिराती कधी बारकाईनं वाचल्यात? नर्सिंग असिस्टंटच्या पात्रतेत जीएनएम डिप्लोमा लिहिलेला असतो आणि त्याच ओळीत ‘किंवा’ म्हणून सैन्यदलाचा क्लास वन नर्सिंग असिस्टंट कोर्स. लॅबसाठी डीएमएलटी किंवा क्लास वन लॅबोरेटरी कोर्स. त्या ‘किंवा’मध्ये वर्षानुवर्षांच्या रात्रपाळ्या रुजू होतात.

पण पॉलिक्लिनिकच्या बाहेर पडलं की अडचण उभी राहते. खासगी रुग्णालयात परिचारक म्हणून काम करायचं तर नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते आणि सैन्यातला कोर्स म्हणजे ती नोंदणी नव्हे. हात तयार, एमए-एमएस्सी झालेली, तरी तो नेमका कोण, याला कागदावर नाव नाही.

हाच प्रश्न १९६५ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांना पडला. डॉक्टर कमी पडत होते आणि नौदलातून बाहेर पडलेले वैद्यकीय जवान नोकरी शोधत होते. स्टेड यांनी अशा चौघांना घेऊन दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. आईच्या हाताखाली स्वयंपाक शिकलेल्या मुलीला सुरी धरायला शिकवावी लागत नाही, पाकाचं शास्त्र सांगितलं की पुरतं. तसंच या जवानांना शरीरशास्त्र आणि औषधशास्त्र द्यायचं होतं, धीर आणि हात ते घेऊन आले होते. १९६७ मध्ये तिघं उत्तीर्ण झाले आणि फिजिशियन असिस्टंट नावाचा पेशा जन्माला आला. आज अमेरिकेत दीड लाखाहून अधिक लोक या पेशात आहेत. एवढ्या मोठ्या वैद्यकीय पेशाची पहिली तुकडी चार माजी जवानांची!

भारतात हा पेशा १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांच्यामुळे आला. आणि २०२१ च्या संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यानं त्याला अनुसूचीत जागा दिली. इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्टलाही दिली. हा कायदा शिक्षण तासांत मोजतो. संबद्ध आरोग्य व्यावसायिकाला किमान २,००० तास, आरोग्यसेवा व्यावसायिकाला किमान ३,६००. एमआय रूममधले आणि फील्ड हॉस्पिटलमधले तास या हिशेबात धरले, तर पदवीधर नर्सिंग असिस्टंटसाठी दोन वर्षांचा पूरक अभ्यासक्रम आखणं अवघड नाही. ड्यूकमध्ये साठ वर्षांपूर्वी जमलं ते पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात (एएफएमसी) का जमू नये? मला तर ते व्हायलाच हवं असं वाटतं.

तोवर वर्तकनगरातल्या अशा कुणा निवृत्त हवालदारानं दोन कामं आधी करावीत. ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवावं, आणि डिस्चार्ज बुकात आपल्या ट्रेडचा वर्ग नीट लिहिलाय का ते तपासावं, कारण ‘क्लास वन’ हे दोन शब्द तिथे नसतील तर त्या जाहिरातीतला ‘किंवा’ त्याच्या उपयोगाचा नाही. पदवी असेल तर देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही आहे.