जाळ्याची होडी, पाखरांची फेरी

आमच्या कवठे येमाईला समुद्र नाही, पण घोड आणि कुकडी नद्या आहेत. दोघींचं पाणी एक होऊन भीमेला मिळतं आणि दौंडच्या पुढे उजनी धरणाच्या फुगवट्यात पसरतं. म्हणून भिगवणजवळच्या कुंभारगावला गेलो, तेव्हा परक्या पाण्यावर आल्यासारखं वाटलंच नाही.

झुंजुमुंजू झालेलं. काठाला दोन होड्या लागलेल्या, दोन्ही एकाच घरच्या. एकीत रात्रीचं जाळं. धाकटा भाऊ त्यातून चिलापी सोडवत होता. चिलापीच्या पाठीवरचे काटे ताठ असतात, उलटा हात लागला की बोट फाटतं. तो आधी डोक्याकडून शेपटीकडे अंगठा फिरवून काटे आडवे करायचा, मग कल्ल्यात रुतलेला दोरा नखानं उचलायचा. मासा क्रेटमध्ये पडेपर्यंत त्याचा हात पुढच्या माशावर गेलेला असे. दुसऱ्या होडीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि केशरी जॅकेटं होती. तिच्यात आम्ही बसलो.

थोरल्या दादांनी काही अंतरावर इंजिन बंद केलं आणि बांबू हातात घेतला. "कंबरंएवढं पाणी लागलं की इंजिन नको. पंखा गाळात अडकतो, अन् पाखरंबी उठत्यात." बांबूच्या टोकाला काय लागतंय, गाळ की मुरूम, ते त्यांना हाताला कळत होतं. मासे कुठे असतील हे ज्या हिशेबानं ओळखायचं, त्याच हिशेबानं रोहित पक्षी कुठे उतरले असतील हे दादा सांगत होते. धरणातून पाणी सुटत जातं, उथळ गाळ उघडा पडतो, तसे हे पक्षी जमतात. धरण काठोकाठ असेल तर त्यांना चरायला जागाच नसते.

मग ते दिसले. माना खाली, चोची उलट्या. पायांनी चिखल तुडवायचा, जिभेनं पाणी आत ओढायचं आणि चोचीच्या कडेच्या जाळीतून बाहेर सोडायचं. बारीक जीव आणि शेवाळ आत राहतं. पंखांचा गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच येतो. शेजारच्या होडीतून कुणीतरी ओरडलं, "उडवा ना जरा, फोटो घेऊ!" दादांनी मान हलवली. "चरू द्या त्यांना." मला ते फार पटलं. शेकडो कोस उडणाऱ्या पाखराची पोट भरायची वेळ आपल्या फोटोपेक्षा मोठी आहे.

परतताना बांबू खट्‌कन दगडावर वाजला. दादा थांबले. १९८० साली पूर्ण झालेल्या या ११७ टीएमसीच्या धरणाखाली त्यांच्या आज्याचं वावर गेलंय.

"विहिरीचं बांधकाम हाय आमच्या," ते म्हणाले. "जाळंबी हितंच अडकतं."

आणि त्यांनी होडी डावीकडून वळवून घेतली.